‘वी’वर बाहेरच्यांचे गेम खपत नाहीत: एका समजुतीचा इतिहास

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलंय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे ‘म्हणजे बघा’ येतं ते थोडं कापलंय, पण सगळं नाही.

आजचा विषय गेमिंगच्या दुनियेत वर्षानुवर्षं फिरणारं एक वाक्य आहे. ‘निन्टेंडोच्या कन्सोलवर फक्त निन्टेंडोचेच गेम खपतात, बाहेरच्यांनी तिकडे जाऊच नये.’ हे वाक्य सगळ्यात जास्त कुणाला चिकटलं असेल तर ते ‘वी’ला. २००६ साली आलेला, पांढरा, छोटासा डबा. हातात रिमोटसारखा कंट्रोलर धरायचा, हवेत हात फिरवायचा, आणि टीव्हीवर टेनिस सुरू. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांसाठी असलेला कन्सोल. असे १० कोटी १६ लाख कन्सोल जगभर विकले गेले. इतकं मोठं गिऱ्हाईक समोर असताना बाहेरच्या कंपन्या खरंच उपाशी राहिल्या का? राहिल्या असतील तर चूक कुणाची? आणि यात तुमच्या-माझ्यासारख्या, खिशात स्मार्टफोन घेऊन फिरणाऱ्यांनी लक्ष घालावं असं काय आहे?

उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल.

‘बाहेरचे’ म्हणजे कोण?

कन्सोल बनवणारी कंपनी स्वतःचे गेम बनवते, ते घरचे. दुसऱ्याच कुणी कंपनीने त्या कन्सोलसाठी गेम बनवला तर तो बाहेरचा, ज्याला सगळे ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. आज आपल्याला हे इतकं साधं वाटतं की हा प्रकार कधीतरी कुणीतरी सुरू केला असेल असं मनातही येत नाही. पण सुरुवात अगदी ठरावीक आहे. १९७९ मध्ये अटारी कंपनीतले चार प्रोग्रॅमर बाहेर पडले. कारण? त्यांनी बनवलेले गेम कंपनीला बक्कळ पैसा मिळवून देत होते, पण डब्यावर त्यांचं नाव नव्हतं आणि नफ्यात वाटा नव्हता. त्यांनी अॅक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्याच मशीनसाठी गेम विकायला लागले. अटारीने कोर्टात खेचलं, शेवटी तडजोड झाली: तुम्ही बनवा, आम्हाला रॉयल्टी द्या.

एकदा दार उघडलं म्हटल्यावर सगळेच आत घुसले. अटारीच्या मशीनला कुलूप नव्हतं. कुणीही कॅसेट बनवून दुकानात ठेवू शकत होतं. त्यात अटारीने स्वतःही घाईघाईत केलेले गेम ढिगाने छापले. दुकानं कचऱ्याने भरली, ग्राहकाला कळेना काय घ्यावं, आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. न विकलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमोगोर्डो गावाजवळ खड्ड्यात पुरल्या. लोकांना ही दंतकथा वाटायची, पण २०१४ मध्ये खणून बघितलं तर खरंच निघाल्या.

कुलूप आणि किल्ली

त्याच १९८३ मध्ये जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम आला. नावातच ‘फॅमिली’ आहे. तोच कन्सोल १९८५ मध्ये रूप बदलून अमेरिकेत गेला, तेव्हा निन्टेंडोने अटारीच्या चुकीतून धडा घेतला होता. मशीनमध्ये एक छोटी चिप आणि कॅसेटमध्येही तशीच एक चिप. दोघींची एकमेकींशी ओळख पटली तरच गेम सुरू होणार. आणि कॅसेटमधली चिप फक्त निन्टेंडोकडेच मिळणार.

म्हणजे बाहेरच्याला गेम विकायचा असेल तर निन्टेंडोच्या अटी. वर्षाला जास्तीत जास्त पाच गेम. तो गेम दोन वर्षं दुसऱ्या कन्सोलवर काढायचा नाही. कॅसेट निन्टेंडोच बनवणार, तिचे पैसे आधी मोजायचे, आणि ठरावीक संख्येपेक्षा कमी ऑर्डर चालणार नाही. गेम पडला तर तोटा तुमचा, निन्टेंडोचे पैसे आधीच जमा.

लोकांनी पळवाटाही शोधल्या. कोनामीने ‘अल्ट्रा गेम्स’ नावाची वेगळी कंपनी उभी केली, म्हणजे पाचाचे दहा. टेंजन या कंपनीने तर चिपच्या कुलपाची नक्कल केली. त्यासाठी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटं कारण सांगून कोड मिळवला. प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे टेंजनच्या हाती काही लागलं नाही.

आता आपल्याकडचा धागा. नव्वदीत आणि नंतरही महाराष्ट्रात घरोघरी जो ‘टीव्ही गेम’ होता, पिवळी किंवा काळी कॅसेट आणि वर ‘९९९९ इन १’ छापलेलं, तो याच फॅमिकॉमची नक्कल होता. त्यातला मारिओ निन्टेंडोचा घरचा. पण मारिओच्या खालोखाल जो सगळ्यांना आठवतो, दोघांनी मिळून खेळायचा, तीस जीव मिळवायचा कोड तोंडपाठ असलेला काँट्रा, तो कोनामीचा. म्हणजे बाहेरचा! निन्टेंडोच्या मशीनवर बाहेरचे गेम चालत नाहीत असं कुणी म्हणालं तर आपल्या पिढीच्या मोठ्या भावंडांना विचारा.

तर पहिला मुद्दा इथेच लक्षात ठेवा. ही समजूत निन्टेंडोच्या जन्मापासूनची नाही. त्या काळात बाहेरच्यांचे गेम तुफान चालत होते. एनिक्सचा ड्रॅगन क्वेस्ट, स्क्वेअरचा फायनल फँटसी, कॅपकॉमचा मेगा मॅन, सगळे इथेच वाढले. नातं मालक-भाडेकरूचं होतं. भाडं जास्त होतं, पण बाजारपेठ दुसरीकडे नव्हती म्हणून सगळे राहिले.

रक्त की घाम?

‘कुटुंबासाठीचा कन्सोल’ ही ओळख बाहेरच्यांना कुठे टोचते हे १९९३ मध्ये पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम एकाच वेळी निन्टेंडोच्या सुपर एनईएसवर आणि सेगाच्या जेनेसिसवर आला. निन्टेंडोने सांगितलं, रक्त नको. मग रक्ताच्या जागी राखाडी रंगाचा घाम उडायला लागला! सेगाच्या आवृत्तीत मात्र एक कोड दाबला की रक्त सुरू. तांत्रिकदृष्ट्या निन्टेंडोची आवृत्ती दिसायला सरस होती, पण सेगाची जास्त खपली. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली, १९९४ मध्ये वयानुसार शिक्के द्यायची व्यवस्था आली, आणि मॉर्टल कॉम्बॅटचा दुसरा भाग सुपर एनईएसवर रक्तासकट आला.

निन्टेंडोने नियम बदलला, पण लोकांच्या डोक्यातलं चित्र तसंच राहिलं. मोठ्यांसाठीचं काही हवं असेल तर दुसरीकडे बघायचं, हा ग्राहकाचा हिशोब तेव्हापासून सुरू झाला.

भाडेकरू घर सोडतात

मग आली सोनी. १९९४ च्या शेवटी प्लेस्टेशन, सीडीवर चालणारा. निन्टेंडोने १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ काढला तो मात्र कॅसेटवरच. कॅसेट पटकन लोड व्हायची, नक्कल करायला अवघड, हे सगळं खरं. पण एका कॅसेटमध्ये जास्तीत जास्त ६४ एमबी, आणि सीडीत ६५० च्या आसपास. शिवाय सीडी स्वस्त आणि झटपट छापता येते. कॅसेट महाग, आणि ऑर्डर दिल्यावर आठवडेच्या आठवडे थांबा. गेम अचानक गाजला तर दुकानात माल नाही. पडला तर गोदामात महागड्या कॅसेटचा ढीग.

स्क्वेअरने आपले पहिले सहाही फायनल फँटसी निन्टेंडोवर काढले होते. सातवा १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, तीन सीडींचा. ड्रॅगन क्वेस्टही मागोमाग गेला. प्लेस्टेशन १० कोटींच्या पुढे विकला गेला, निन्टेंडो ६४ थांबला ३ कोटी २९ लाखांवर. पुढचा गेमक्यूब तर २ कोटी १७ लाखांवरच. २००२ मध्ये कॅपकॉमने गेमक्यूबसाठी पाच गेम जाहीर केले, त्यातला एक रद्दच झाला. सगळ्यात भारी होता रेझिडेंट ईव्हल ४. तो जानेवारी २००५ मध्ये गेमक्यूबवर आला, पण त्याआधीच कॅपकॉमने सांगून टाकलं होतं की प्लेस्टेशन २ वरही येणार. वर्ष संपायच्या आत आला, आणि तिथे जास्त खपला.

आपण ज्या वाक्यापासून सुरुवात केली ते इथे जन्मलं. घरं रिकामी झाली, उरला फक्त मालक, आणि लोक म्हणायला लागले की इथे मालकाशिवाय कुणी राहूच शकत नाही.

आईला न खटकणारा डबा

२००२ पासून निन्टेंडोचे अध्यक्ष होते सातोरू इवाता. हा माणूस मुळात प्रोग्रॅमर. त्यांचं निदान साधं होतं: सोनी आणि मायक्रोसॉफ्टशी ताकदीची स्पर्धा करायची नाही, जे लोक गेम खेळतच नाहीत त्यांच्याकडे जायचं. डबा दोन-तीन डीव्हीडीच्या कव्हरांइतकाच जाड हवा असं त्यांनी इंजिनिअरांना सांगितलं. टीव्हीजवळ ठेवला तर घरातल्या आईला खटकता कामा नये, हाही विचार त्यात होता.

नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत ‘वी’ आला, किंमत २५० डॉलर. त्याच आठवड्यात आलेला प्लेस्टेशन ३ होता ५०० आणि ६०० डॉलरचा. ‘वी’ मात्र आतून जवळजवळ जुन्या गेमक्यूबचाच सुधारलेला भाऊ होता. एचडी चित्र नाही, ताकद कमी. पण दुकानांसमोर रांगा लागल्या.

आता आकडे बघू, पण डोळे उघडे ठेवून. वी स्पोर्ट्स ८ कोटी २९ लाख. मारिओ कार्ट वी ३ कोटी ७३ लाख. वी प्ले २ कोटी ८० लाख. वी फिट २ कोटी २६ लाख. यादी बघितली की वाटतं, संपला विषय, बाहेरच्यांना जागाच नाही. पण थांबा. वी स्पोर्ट्स बहुतेक देशांत कन्सोलच्या डब्यातच यायचा. वी प्ले जास्तीच्या रिमोटबरोबर यायचा; दुसरा रिमोट तर सगळ्यांनाच लागतो. म्हणजे हे ‘विकले’ गेले का ‘बरोबर आले’, हा प्रश्न आहेच.

दुसरं असं की ‘वी’साठी एकूण ९२ कोटींच्या आसपास गेम विकले गेले. एका कन्सोलमागे साधारण नऊ. सगळ्यात वरचे पाच, सगळे निन्टेंडोचे, मिळून होतात २१ कोटी. त्यात निन्टेंडोचे बाकीचे गेम धरले तरी खाली कोट्यवधी प्रती उरतात, आणि त्या बाहेरच्यांच्या आहेत. पैसा होता. फक्त तो हजाराहून जास्त गेम्समध्ये वाटला गेला. कुणाला घागर मिळाली, कुणाला चमचाभर.

गर्दी, आणि तिच्यात हरवलेले

‘वी’साठी गेम बनवणं स्वस्त होतं. त्यामुळे १९८३ ची आठवण यावी अशी गर्दी झाली, फक्त या वेळी रीतसर परवाना घेऊन. रिमोट हलवायचे छोटे छोटे खेळ एका डिस्कवर भरायचे, वर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र, झालं. यातलाच एक होता २००७ चा कार्निव्हल गेम्स. जत्रेतल्या स्टॉलवरचे खेळ, रिंग टाका, चेंडू मारा. समीक्षकांनी धुतला. दहा लाखांच्या वर खपला! कारण सोपं आहे: गेमची समीक्षा वाचून खरेदी करणारा माणूस आणि दिवाळीच्या खरेदीसारखी नाताळची खरेदी करणारी आई, ही दोन वेगळी गिऱ्हाईकं. दुसरीला डब्यावरचं चित्र बघून पाच सेकंदांत कळायला हवं की हे आपण सगळे मिळून खेळू शकतो का.

मग मोठ्या पब्लिशरांनी काय केलं? त्यांची सगळ्यात चांगली टीम, सगळ्यात मोठं बजेट प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर. तिथला गेम ‘वी’वर नुसता उचलून आणता येत नव्हता, ताकद इतकी कमी की बराचसा भाग नव्याने लिहावा लागणार. म्हणून ‘वी’ला मिळायची शाखा. रेझिडेंट ईव्हलचा पाचवा भाग मोठ्या कन्सोलवर, ‘वी’वर बाजूची गोष्ट सांगणारा नेमबाजीचा गेम. डेड स्पेस तिकडे, इकडे डेड स्पेस एक्स्ट्रॅक्शन, ज्यात कॅमेरा आपोआप पुढे सरकतो आणि आपण फक्त गोळ्या झाडायच्या. मेन लाइन तिकडे आणि इथे शटल सर्व्हिस, असा प्रकार.

काही जणांनी मात्र जीव ओतला. प्लॅटिनम गेम्सचा मॅडवर्ल्ड, २००९ चा. काळा-पांढरा, कॉमिकसारखा आणि त्यात फक्त रक्त लाल. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. अमेरिकेत पहिल्या महिन्यात विक्री साधारण ६६ हजार. कॅपकॉमचा झॅक अँड विकी, डोकं लढवायला लावणारा गोड गेम, तोही दुकानात पडून राहिला. अशा प्रत्येक अपयशानंतर तेच वाक्य पुन्हा: बघा, ‘वी’वर चांगला गेम खपतच नाही.

इथे मला इंजिनिअर म्हणून एक गोष्ट खटकते. हा प्रयोग नीट नव्हता. मॅडवर्ल्ड रक्ताळ होता, आणि ज्यांना तसं आवडतं त्यांच्याकडे बहुतेक दुसरा कन्सोल होता. एक्स्ट्रॅक्शन हा मूळ गेम नव्हताच. दुसऱ्या बाजूला रेझिडेंट ईव्हल ४, दोन वर्षं जुना गेम, रिमोटने नेम धरायची सोय करून ‘वी’वर स्वस्तात काढला, आणि तो दहा लाखांच्या बराच पुढे गेला. म्हणजे मोठ्यांसाठीचे गेम घेणारेही इथे होते. पण निष्कर्ष आधी ठरलेला असला की टेस्ट काहीही येऊ दे, रिपोर्ट तोच लिहिला जातो. ‘खपत नाही’ म्हणून कमी बजेट, कमी बजेट म्हणून साधारण गेम, साधारण म्हणून खपत नाही. आपलीच शेपटी पकडायला निघालेलं चक्र.

निन्टेंडोची बाजू पण सांगतो. त्यांचे गेम वर्षानुवर्षं दुकानात, जवळपास पूर्ण किमतीला. मारिओ कार्ट २००८ मध्ये आला आणि नवीन कन्सोल घेणारं प्रत्येक घर पुढची कितीतरी वर्षं तो घेत राहिलं. बाहेरच्यांचा गेम बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत जे खपेल ते, मग किंमत पाडा, मग मागच्या शेल्फवर. कुटुंबाचं गिऱ्हाईक मात्र हळूहळू येतं, एकमेकांच्या घरी बघून येतं. ते येईपर्यंत बाहेरच्यांचा गेम दुकानातून गेलेला असायचा.

ज्यांना दिवाणखाना कळला

आता ज्यांना जमलं त्यांच्याकडे येऊ. सेगा, एकेकाळचा निन्टेंडोचा कट्टर शत्रू, २००१ मध्ये कन्सोलच्या धंद्यातून बाहेर पडला. २००७ मध्ये त्याने बीजिंग ऑलिम्पिकच्या निमित्ताने मारिओ आणि सॉनिकला एकाच गेममध्ये आणलं. ‘वी’ आणि हातातला डीएस मिळून एक कोटीच्या पुढे. इथे मारिओचा चेहरा उपयोगी पडला हे खरं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट आहे जस्ट डान्सची. फ्रान्सची युबीसॉफ्ट कंपनी. त्यांच्या रॅबिड्स गेममध्ये नाचायचा एक छोटा खेळ होता, त्यातून कल्पना निघाली. नोव्हेंबर २००९ मध्ये आलेल्या जस्ट डान्समध्ये एकही अवघड बटण नाही. टीव्हीवर एक नाचणारी आकृती, आरशासारखी. उजव्या हातात रिमोट घ्या आणि ती करते तसं करा. मशीनला खरं तर फक्त तुमचा एक हात कसा हलतोय एवढंच कळतं. पाय, कमर, चेहरा काही दिसत नाही. तरी चालतं! कारण गुण मोजणारं खरं मशीन सोफ्यावर बसलेलं असतं: बघणारे आणि हसणारे घरचे लोक.

समीक्षकांनी शंभरात पन्नासच्या आसपास गुण दिले. ब्रिटनमध्ये तो कितीतरी आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. २०११ चा तिसरा भाग एकट्या ‘वी’वर एक कोटीच्या घरात पोचला. बाहेरच्याचा गेम, मारिओशिवाय. त्याच काळात मॅजेस्को या छोट्या पब्लिशरचा झुंबा फिटनेस आला, कमरेला पट्टा बांधून नाचायचा, आणि त्यानेही कंपनीचं नशीब काही काळ पालटलं.

आणि हो, जस्ट डान्सच्या चौथ्या भागात पंजाबी एमसीचं ‘मुंडियां तो बच के’ आहे. पुढच्या भागांवर तर युबीसॉफ्टच्या आपल्या पुण्यातल्या स्टुडिओनेही काम केलंय. जगभरातल्या दिवाणखान्यांत लोक नाचले त्यात पुण्याचा कोड आहे, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल?

४० एमबीचं दार

आता स्मार्टफोनवाल्यांचा भाग. २००८ मध्ये निन्टेंडोने ‘वीवेअर’ सुरू केलं. डिस्क नको, दुकान नको, छोट्या डेव्हलपरने बनवावं आणि लोकांनी थेट डाउनलोड करावं. त्याच वर्षी जुलैमध्ये अॅपलने अॅप स्टोअर उघडलं. दोघांची कल्पना एकच.

वीवेअरवर सुरुवातीला सोनं निघालं. वर्ल्ड ऑफ गू, मोठी कंपनी सोडून आलेल्या दोघा मित्रांनी बनवलेला, आजही खेळून बघा. पण अटी बघा. गेम ४० एमबीच्या आत बसला पाहिजे. आणि ठरावीक संख्येइतक्या प्रती विकल्या गेल्या नाहीत तर डेव्हलपरला एक पैसाही मिळणार नाही. सुपर मीट बॉय या दोघांच्या टीमने ‘वी’साठी गेम बनवायला घेतला होता, तो ४० एमबीत बसेना, म्हणून २०१० मध्ये ‘वी’ची आवृत्ती रद्द केली. एक्सबॉक्सवर तो गाजला.

१९८५ चा कॅसेटवाला हिशोबच डाउनलोडच्या जमान्यात चालवला गेला. तिकडे अॅप स्टोअरने ३० टक्के घेतले, पण पहिल्या विक्रीपासून ७० टक्के दिले. २०११ मध्ये इवातांनी डेव्हलपरांच्या परिषदेत काळजी व्यक्त केली की फोनवरच्या स्वस्त गेम्समुळे सॉफ्टवेअरची किंमतच राहणार नाही. आज फुकट गेममध्ये दर दोन मिनिटांनी येणाऱ्या जाहिराती बघितल्या की त्यांची काळजी खोटी नव्हती हे पटतं. पण ‘वी’ने ज्या आई-बाबांना पहिल्यांदा गेम खेळायला लावलं, ते तोवर फोनवर फळं कापायला आणि पक्षी उडवायला गेले होते.

पुढे काय झालं

२०१२ मध्ये आलेला ‘वी यू’ एकूण १ कोटी ३५ लाखच विकला गेला. युबीसॉफ्टचा झोंबीयू नफ्यात गेला नाही. रेमन लेजंड्स फेब्रुवारी २०१३ मध्ये फक्त ‘वी यू’साठी येणार होता, कंपनीने तो सप्टेंबरपर्यंत लांबवला आणि सगळीकडे काढला. भाडेकरू पुन्हा बाहेर.

मग २०१७ मध्ये स्विच. पुन्हा कुटुंबाचाच कन्सोल, पुन्हा ताकदीने इतरांपेक्षा कमी. पण या वेळी आतली चिप एनव्हिडियाची, सगळ्यांच्या ओळखीची. युनिटी, अनरियल ही नेहमीची इंजिनं चालतात. म्हणजे दुसरीकडे बनवलेला गेम इथे आणायला नव्याने लिहावा लागत नाही. एकट्या माणसाने बनवलेला स्टारड्यू व्हॅली ऑक्टोबरमध्ये आला आणि स्विचवरचा त्या वर्षीचा सर्वाधिक डाउनलोड झालेला गेम ठरला. ऑस्ट्रेलियातल्या चिमुकल्या टीमचा हॉलो नाइट २०१८ मध्ये दोन आठवड्यांत अडीच लाख. कॅपकॉमचा मॉन्स्टर हंटर राइज २०२१ मध्ये पहिल्या तीन दिवसांत ४० लाख. आणि ४० एमबीत न बसलेला सुपर मीट बॉय? तो जानेवारी २०१८ मध्ये स्विचवर आला, आणि बनवणाऱ्यांनीच सांगितलं की पहिल्या दिवसाची विक्री २०१० च्या एक्सबॉक्सच्या जवळपास होती.

कंपनी तीच, मारिओ तोच, गिऱ्हाईक बरंचसं तेच. बदललं काय? आत येण्याचा खर्च. म्हणून मला वाटतं की ‘कुटुंबाच्या कन्सोलवर बाहेरचे खपत नाहीत’ हा निसर्गनियम कधीच नव्हता. दाराची उंची कोण ठरवतो, भाडं किती, आणि आत आलेल्याला समोर बसलेल्या माणसांची किती ओळख आहे, यावर सगळं ठरत होतं. आज प्ले स्टोअरवर किंवा अॅप स्टोअरवर स्वतःचं काही टाकायचं म्हणणाऱ्या तुमच्यापैकी प्रत्येकाला हेच तीन प्रश्न पडणार आहेत. चिपऐवजी आता रिव्ह्यू टीम आहे, कॅसेटच्या आगाऊ पैशांऐवजी टक्केवारी आहे, इतकंच.

शेवटचा एक तपशील सांगून थांबतो. ‘वी’ बाजारात आला २००६ मध्ये. निन्टेंडोने स्वतः त्याच्यासाठी गेम काढणं कधीच बंद केलं होतं, नंतरचे दोन कन्सोलही येऊन झाले होते. तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये, तेरा वर्षांनी, या डब्यासाठी एक नवी डिस्क दुकानात आली: जस्ट डान्स २०२०. बाहेरच्याचा गेम. मालक निघून गेल्यावरही त्या दिवाणखान्यात कुणीतरी नाचत होतं, आणि पैसे देऊन नाचत होतं.

तुमच्या घरी ‘वी’ होता का, किंवा ९९९९ वाली कॅसेट? कुठला गेम बाहेरच्यांचा निघाला ते शोधून मला कळवा. भेटू पुढच्या भागात.